समुपदेशकाचा तास वेळापत्रकात लावा : मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांना खुले पत्र

आदरणीय मुख्याध्यापक आणि संस्थाचालक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या माहितीपत्रकात हल्ली एक ओळ हमखास असते : 'पूर्णवेळ समुपदेशक उपलब्ध'. ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान यांच्या यादीतच ती बसवलेली असते. प्रवेशाच्या दिवसांत पालक ती वाचतात आणि त्यांना बरं वाटतं. ती ओळ कितपत खरी आहे हे मात्र वेळापत्रक बघितल्यावर कळतं. मी शालेय समुपदेशक आहे. माझ्या आणि माझ्या बहुतेक व्यवसायबंधूंच्या आठवड्यात गैरहजर शिक्षकांचे बदली तास असतात, परीक्षेचं पर्यवेक्षण असतं, बसच्या रांगा असतात, वार्षिक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन असतं, गुणपत्रिकांची पडताळणी असते. 'तुम्हाला ठरलेला वर्ग नाही ना, मग जरा नववी ब मध्ये जाऊन बसता का?' हे वाक्य ज्याने ऐकलेलं नाही असा समुपदेशक मला अजून भेटायचा आहे.

ओझ्याची तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. शिक्षकांचं ओझं मी रोज बघते आणि अडीनडीला कुणाचा तास सांभाळायला माझी ना नसते. पण अडीनडीची सोय कायमची झाली, की ज्या कामासाठी मला नेमलं ते मधल्या सुट्टीत उरकायचं होऊन बसतं. आणि ते मधल्या सुट्टीत होत नाही. का होत नाही, एवढंच तुमच्यापुढे मांडायचं आहे.

समुपदेशनाबद्दलची सर्वसाधारण कल्पना अशी असते : गोंधळलेलं मूल येतं, मॅडम समजुतीचे चार शब्द सांगतात, मूल डोळे पुसून जातं. नाहीतर मग सभागृहात 'करिअरच्या वाटा' या विषयावर व्याख्यान, पडद्यावर चित्रं, शेवटी टाळ्या. दोन्हींना आपापली जागा आहे. पण शाळेतून कॉलेजकडे निघालेली मुलं प्रेरणा कमी पडली म्हणून क्वचितच अडतात. ती कागदापाशी अडतात, आणि त्या कागदामागे घरातलं जे काही दडलेलं असतं त्यापाशी.

एक उदाहरण देते. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही. शेवटच्या वर्षाची एक मुलगी. हुशार, नीटनेटकी, सगळं वेळेआधी करणारी. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत अगदी तोंडावर आली तरी तिचा अर्ज अर्धाच. विचारलं तर 'भरते मॅडम' एवढंच. शेवटी तिला शेजारी बसवलं आणि अर्ज उघडला. पहिली दोन पानं सुरळीत गेली. तिसऱ्या पानावर 'वडिलांचे वार्षिक उत्पन्न' असा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. तिचे वडील घर सोडून गेलेले. कुठे आहेत, काय कमावतात, कुणालाच ठाऊक नाही. शून्य लिहिलं तर खोटं ठरेल का? आईचं लिहिलेलं चालेल का? आणि हे कुणाला विचारायचं म्हणजे घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायची. म्हणून ती रोज रात्री तिसऱ्या पानापर्यंत जायची आणि बंद करून झोपायची.

त्या एका रकान्यासाठी आम्हा दोघींची अख्खी दुपार गेली. मदत क्रमांकावर बराच वेळ तेच ते संगीत ऐकलं. मग कळलं, की एकाच पालकाचं घर असेल तर वेगळं स्वयंघोषणापत्र चालतं आणि सोबत शाळेचं पत्र लागतं. पत्राचा मजकूर मी लिहिला. तिने तो वाचला आणि 'सोडून गेले' याऐवजी 'सोबत राहत नाहीत' असं करा म्हणाली. तसं केलं. मुख्याध्यापकांनी एकही प्रश्न न विचारता सही केली. अर्ज गेला.

या दुपारची माझ्या वहीत नोंद काय? 'विद्यार्थिनी १, विषय : शिष्यवृत्ती.' वार्षिक अहवालात तेवढीही नाही. तिथे व्याख्यानाचा फोटो असतो.

तुम्ही म्हणाल, ही एखादी अपवादाची गोष्ट झाली. तसं नाही, आणि याला चांगला पुरावा आहे. २००८ साली अमेरिकेत ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायना इथे एच अँड आर ब्लॉक या कंपनीच्या कार्यालयांमध्ये एक प्रयोग झाला. ही कंपनी लोकांची करविवरणपत्रं भरून देते. तिथे आलेल्या काही कुटुंबांना कॉलेजसाठीच्या सरकारी अर्थसाहाय्याचा अर्ज तिथल्या तिथे भरून दिला. शंभराहून अधिक प्रश्नांचा तो अर्ज. त्यातली बरीचशी उत्तरं करविवरणात आधीच होती, त्यामुळे काही मिनिटांत काम झालं. दुसऱ्या गटाला फक्त माहिती दिली : तुम्हाला अंदाजे एवढी मदत मिळू शकेल, अर्ज जरूर करा. तिसऱ्या गटाला नेहमीचं पत्रक. पुढच्या तीन वर्षांत किमान दोन वर्षं कॉलेजात टिकलेल्या मुलांचं प्रमाण नेहमीच्या गटात २८ टक्के होतं, तर अर्ज भरून दिलेल्या गटात ३६ टक्के. आणि ज्यांना नुसती माहिती दिली? त्यांच्यात काहीही फरक पडला नाही. बेटिंजर, लाँग, ओरिओपोलस आणि सॅनबोनमात्सू या संशोधकांनी हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध केले.

त्या मधल्या गटाचा जरा विचार करा. आपल्या शाळांमध्ये मार्गदर्शन म्हणून जे चालतं, ते बहुतेक त्या गटात मोडतं. माहिती दिली, पत्रक वाटलं, व्याख्यान झालं. दुसऱ्या दिवशी मूल घरी एकटं त्या तिसऱ्या पानासमोर बसलेलं असतं.

यावर तंत्रज्ञानाचा उपाय लगेच सुचवला जातो. एक अ‍ॅप घेऊ, मुलांना आठवणीचे मेसेज जातील, समुपदेशकाचा भार हलका होईल. हेही करून बघितलेलं आहे. लहान प्रमाणावर, मुलांच्या ओळखीच्या माणसांकडून मेसेज गेले तेव्हा उपयोग दिसला होता. मग तोच उपाय अमेरिकेत देशपातळीवर, सुमारे आठ लाख विद्यार्थ्यांवर केला गेला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : अर्थसाहाय्य मिळण्यावर किंवा कॉलेज प्रवेशावर परिणाम शून्य. मला त्यात नवल वाटलं नाही. मेसेजला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि 'सोडून गेले' हा शब्द बदलून घेता येत नाही.

आता सुट्टीबद्दल बोलते. हा विषय काढला की समोरची व्यक्ती घड्याळ बघू लागते असा माझा अनुभव आहे; तरी काढते, कारण या पत्रात तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

निकाल लागला, प्रवेश निश्चित झाला, पेढे वाटून झाले, की शाळेच्या लेखी मूल पार पडलं. कॉलेजच्या लेखी ते अजून आलेलं नाही. या मधल्या आठवड्यांत त्याचा कुणीच वाली नसतो. आणि नेमक्या याच काळात वसतिगृहाची अनामत भरायची असते, शुल्काचा पहिला हप्ता भरायचा असतो, वैद्यकीय दाखला लागतो, मूळ कागदपत्रं पडताळणीला न्यायची असतात, विषयनिवडीची तारीख असते. ज्या घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं असतं, तिथे आई, काका, मोठी बहीण यातलं कुणीतरी हे निस्तरतं. ज्या घरातलं हे पहिलंच मूल असतं, तिथे एखादी तारीख चुकते आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून विषय मिटतो. पुढचं वर्ष बहुतेकदा येत नाही.

अमेरिकेतल्या अभ्यासकांनी याला 'समर मेल्ट' म्हणजे उन्हाळी गळती असं नाव दिलं आहे. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांच्या अभ्यासांनुसार कॉलेजला जायचं पक्कं ठरवलेल्या मुलांपैकी साधारण १० ते २० टक्के मुलं तिथे पोहोचतच नाहीत, आणि गरीब वस्त्यांमधल्या काही शाळांमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत जातं. याच संशोधकांनी असंही पाहिलं, की सुट्टीत समुपदेशकाने एका मुलामागे दोनतीन तास दिले, फोन केले, कागद बघितले, तरी गळती कमी होते. दोनतीन तास! पण आमच्या नियुक्तीपत्रात सुट्टी म्हणजे सुट्टी. शाळेचं दार बंद, फोन उचलणारं कुणी नाही, फाइल कपाटात आणि किल्ली लिपिकाच्या घरी. समुपदेशक सुट्टीत आपल्या खासगी फोनवरून हे करतात, आपल्या हिशोबाने करतात, आणि ज्या मुलांकडे त्यांचा नंबर आहे त्यांच्यासाठीच करतात. म्हणजे जी मुलं आधीच थोडी धीट आहेत त्यांच्यासाठी.

या क्षेत्राचा इतिहास फार जुना नाही. जानेवारी १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय उघडलं. आसपास स्थलांतरित कामगारांची वस्ती होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते वारले; त्यांचं पुस्तक मरणोत्तर, १९०९ मध्ये आलं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या : स्वतःची नीट ओळख, कामाच्या जगाची नीट माहिती आणि या दोन्हींची सांगड घालणारा विचार. आज बहुतेक शाळा पहिली गोष्ट बाहेरच्या एजन्सीकडून एका दिवसाच्या कल चाचणीत उरकतात. रंगीत अहवाल येतो, आलेखांसकट. पालक शेवटच्या पानावरची तीन नावं वाचतात आणि अहवाल कपाटात जातो. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये व्यवसायांच्या आवडीचे सहा प्रकार मांडले, अनेक चाचण्या आजही त्यावर चालतात, आणि त्या वाईट नाहीत. मी त्या वापरते. पण मुलाशी बोलणं सुरू करायला त्यांचा उपयोग असतो, निकाल द्यायला नव्हे. पार्सन्सची दुसरी गोष्ट, कामाच्या जगाची माहिती, तिला तर शाळेत धड जागाच नाही.

आणि हे पत्र मुख्याध्यापकांना आहे म्हणून आणखी एक नाव. पार्सन्सच्याही आधी, १९०७ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या एका हायस्कूलचे मुख्याध्यापक जेसी डेव्हिस यांनी इंग्रजीच्या शिक्षकांना सांगितलं, की निबंधाच्या तासाला मुलांना कामधंदा, स्वभाव, पुढचं आयुष्य यावर लिहू द्या. वेगळी खोली नाही, वेगळं पद नाही. एका मुख्याध्यापकाने वेळापत्रकात जागा काढली. शाळेतलं मार्गदर्शन तुमच्याच खुर्चीवरून सुरू झालं आहे.

त्या निबंधांची आठवण मला मुलांची स्वप्नं ऐकताना होते. ओईसीडी या अनेक देशांच्या आर्थिक संघटनेने २०१८ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना विचारलं, तिशीत तुम्ही काय करत असाल? ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुलींनी दिलेली उत्तरं अवघ्या दहा लोकप्रिय व्यवसायांमध्ये बसली. २००० साली हीच संख्या ३८ आणि ४९ होती. जग पसरत गेलं, स्वप्नं आक्रसत गेली. लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेला विचार इथे मला फार पटतो. त्या म्हणतात, मुलं व्यवसाय निवडण्याआधी व्यवसाय वगळत जातात. सहा ते आठ वर्षांच्या वयात 'हे मुलींचं, ते मुलग्यांचं' म्हणून बरंच काही बाद होतं. नऊ ते तेरा या वयात 'आपल्यासारख्यांना हे शोभत नाही' किंवा 'हे आपल्याला झेपणार नाही' म्हणून आणखी बाद होतं. स्वतःची आवड वगैरे विचार येतो चौदाच्या पुढे, उरलेल्यातून. म्हणजे शेवटच्या वर्षी माझ्यासमोर बसणारं मूल सगळ्या वाटांमधून निवड करत नसतं. त्याच्या आधीच मिटवून टाकलेल्या वाटा माझ्या व्याख्यानाने परत उघडत नाहीत. मला पाचवी-सहावीच्या वर्गात जायचं आहे. तिथे मला बदली तासावर पाठवलं जातं खरं, पण हातात दुसऱ्याच्या विषयाचं पुस्तक देऊन.

आता थोडं अवघड बोलते. निकालानंतर फाटकावर जो फलक लागतो, त्यावर कुणाकुणाची नावं असतात हे तुम्हाला माहीत आहे. नामांकित संस्थांमध्ये गेलेली मुलं. त्या मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. पण वर्षभर समुपदेशकाकडून जी अपेक्षा असते तीही त्या फलकावरूनच ठरू लागली की काम बिघडतं. जिथे मूल रमेल, जिथलं शुल्क घराला पेलवेल, जिथून ते चार वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडेल, असं कॉलेज फलकावर उठून दिसेलच असं नाही. मग 'त्याला अजून एकदा प्रयत्न करायला सांगा ना' असा निरोप येतो. शाळेच्या हिताला विद्यार्थ्याचं हित समजण्याची ही सवय जुनी आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून समुपदेशकांच्या प्रशिक्षणासाठी पैसा ओतला. हेतू उघड होता : हुशार मुलं हेरा आणि विज्ञानाकडे वळवा. आमचा व्यवसाय त्या पैशावर वाढला हे मी नाकारत नाही. पण देशाला शास्त्रज्ञ हवे आहेत आणि या मुलीला काय हवं आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि समुपदेशकाच्या खोलीत दुसरा आधी विचारायचा असतो.

याच्या उलट टोकाचं पापही आमच्याच व्यवसायाने केलं आहे. १९६० मध्ये समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी दाखवलं, की समुपदेशन हे कधीकधी मुलांच्या आकांक्षा हळूहळू थंड करण्याचं यंत्र बनतं. 'तुझे गुण बघता हे जमेल का? हा छोटा अभ्यासक्रम बघ ना.' १९६३ मध्ये सिकुरेल आणि किट्सूसे यांनी एका शाळेतल्या समुपदेशकांचा अभ्यास केला, तेव्हा 'कॉलेजला जाण्याजोगं मूल' कोणतं हे ठरवताना गुणांइतकाच घराचा दर्जा, मुलाचं वागणं, समुपदेशकाचा ग्रह यांचा हात असतो असं दिसलं. म्हणून ज्या समुपदेशकाकडे मुलासाठी फक्त दहा मिनिटं आहेत, त्याची मला भीती वाटते. दहा मिनिटांत माणूस गुणपत्रिका आणि कपडे एवढंच बघू शकतो.

संख्येचं काय, हा प्रश्न इथे येतोच. अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशन ही १९५२ मध्ये स्थापन झालेली संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असं सांगते, आणि त्याने ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांसाठीच्या थेट वा अप्रत्यक्ष कामात घालवावा असंही सांगते. तिथेही २०२३-२४ मध्ये एका समुपदेशकामागे सरासरी ३७६ विद्यार्थी होते, म्हणजे आदर्श तिथेही कागदावरच. तुमच्यासमोर आकडा ठेवून भांडायचा माझा विचार नाही. क्रिस्टीन मल्हर्न यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांची माहिती तपासून २०२३ मध्ये जे प्रसिद्ध केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. विद्यार्थ्याच्या पुढच्या शिक्षणावर चांगल्या समुपदेशकाचा परिणाम चांगल्या शिक्षकाच्या परिणामाच्या तोडीचा असतो. तो मुख्यतः माहिती आणि प्रत्यक्ष मदतीतून येतो. आणि तो सगळ्यात जास्त दिसतो गरीब घरातल्या आणि कमी गुणांच्या मुलांमध्ये. म्हणजे फलकावर ज्यांची नावं कधीच येत नाहीत त्यांच्यात. समुपदेशकासमुपदेशकांत फरकही पुष्कळ असतो असं त्यात दिसतं. तेव्हा फक्त माणसं वाढवून भागणार नाही, नेमलेल्या माणसाला चांगलं होऊ द्यावं लागेल.

ते कसं होतं? या व्यवसायात येऊ पाहणारे तरुण मला हेच विचारतात. विद्यापीठात आम्हाला ऐकायला शिकवतात. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स, त्यांचा बिनशर्त स्वीकार, समोरच्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत त्याला परत देणं. ते सगळं लागतं. वडिलांच्या उत्पन्नाचा रकाना ऐकण्याशिवाय उलगडला नसता. पण कोणती शिष्यवृत्ती कुणाला, कोणत्या कागदाला कुणाची सही, कोणत्या कॉलेजात पहिल्या वर्षानंतर मुलं गळतात, हे कुठल्याच अभ्यासक्रमात धड शिकवत नाहीत. ते एका समुपदेशकाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि बहुतेक शाळांत समुपदेशक एकच. शिक्षकांना आपल्या विषयाचे सहकारी असतात, विभागप्रमुख असतो. आमच्याकडे एखादं मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलून गेलं, तर त्या संध्याकाळी वरिष्ठ समुपदेशकाशी अर्धा तास बोलण्याची सोयही नसते. पदनाम पहिल्या दिवशी जे, तेच निवृत्तीच्या दिवशी. मग चांगली माणसं खासगी व्यवसायात जातात, जिथे पैसे मोजणाऱ्या पालकांच्या मुलांना तास न् तास मिळतात. मी त्यांना दोष देत नाही.

नेमणुकीच्या मुलाखतीत आम्हाला विचारलं जातं, 'मुलांशी जमतं ना तुमचं?' हो म्हणायला काय लागतं! त्याऐवजी विचारा, 'प्रवेश मिळालेलं मूल कॉलेजात पोहोचलं नाही, तर तुम्हाला ते कधी आणि कसं कळेल?' उत्तरावरून उमेदवारही कळेल आणि शाळेने त्याला काय द्यायला हवं तेही कळेल.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात. मुलाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्याला धोका असेल किंवा कुणी त्याचा छळ करत असेल, तर मी ती गोष्ट माझ्यापाशी ठेवणार नाही आणि हे मी मुलाला पहिल्याच भेटीत सांगते. बाकीचं त्याचं असतं. तुम्ही काळजीपोटीच विचारता, 'काय म्हणाली ती?', हे मला कळतं. पण मी सांगितलं, तर पुढच्या आठवड्यात माझ्या खोलीत कुणी येणार नाही. शाळेत बातमी दुपारच्या घंटेआधी फिरते. आणि खोली म्हणजे खोली द्या. लिपिकाच्या टेबलामागे कपाट आडवं लावून केलेल्या जागेत कुणी वडिलांबद्दल बोलत नाही. शिस्तभंगाच्या सुनावणीतही मला बसवू नका. सकाळी ज्याने शिक्षेच्या कागदावर सही केली, त्याच्याकडे दुपारी मूल मन मोकळं करायला येत नाही.

जमतं कसं, हे बघायचं तर दोन ठिकाणं आहेत. फिनलंडमध्ये विद्यार्थी मार्गदर्शन हा सातवी ते नववीच्या वेळापत्रकातला भाग आहे, तीन वर्षांत मिळून ७६ तासांचा, आणि त्यासाठी वेगळे प्रशिक्षित शिक्षक असतात. इंग्लंडमध्ये २०१४ पासून शाळेतल्या करिअर मार्गदर्शनासाठी गॅट्सबी निकष म्हणून आठ मुद्दे चालतात. त्यातला एक म्हणतो, की प्रत्येक मुलाला सोळाव्या वर्षापर्यंत प्रशिक्षित सल्लागाराशी किमान एक वैयक्तिक भेट मिळावी आणि अठराव्यापर्यंत आणखी एक. प्रत्येक मुलाला, म्हणजे जे स्वतःहून दार ठोठावत नाही त्यालाही. एवढ्या साध्या नियमाने काय होईल बघा : माझ्याकडे कोण येतं हे यापुढे मुलाच्या धिटाईवर ठरणार नाही.

नव्या वर्षाचं वेळापत्रक लावायला तुम्ही लवकरच बसाल. त्या वेळी समुपदेशकाचे तास आधी भरा आणि बदली तासांची यादी नंतर करा. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाची एक भेट पहिल्या सत्रातच लागू द्या. खालच्या वर्गांत आठवड्याचा एक तास माझ्या नावाने असू द्या. सुट्टीतले काही आठवडे आमचं काम चालू ठेवून त्याबदल्यात सत्राच्या मध्ये रजा द्या. खर्च वाढणार नाही, फक्त कॅलेंडर हलेल. वार्षिक अहवालात किती मुलांना प्रवेश 'मिळाला' याच्या शेजारी किती मुलं कॉलेजात 'हजर झाली' असा एक रकाना वाढवा. पहिल्या वर्षी तो आकडा बघवणार नाही. तरी छापा.

आणि एक अगदी किरकोळ गोष्ट, जी उद्या सकाळी करता येईल. निकाल लागला की शाळा त्या मुलांचे शाळेचे ईमेल खाते बंद करते. मुलांनी कॉलेजच्या अर्जात तोच पत्ता दिलेला असतो, कारण आम्हीच तो द्यायला सांगितलेला असतो. शुल्काची तारीख, वसतिगृहाचं पत्र, पडताळणीचं बोलावणं, सगळं त्या बंद खात्यावर जातं. ती खाती कॉलेजं सुरू होईपर्यंत चालू राहू द्या. संगणक विभागाला तुमचा एक फोन गेला की काम होईल.

आपली,
एक शालेय समुपदेशक